बाला विचारून ये

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, आणि तेही परराज्यात. हे सांगितलं की घरातली पोरं हसतात. आजी फॉरेनला शिकली, म्हणतात. हसू देत. तेव्हा इंग्रजाचा मुलूख नवापूरच्या पुढे संपायचा आणि सोनगडला बडोद्याचं राज्य लागायचं. तिथला कायदा निराळा, शाळेची भाषा निराळी, जमीन निराळी. आगगाडीत बसून एका दिवसात पोचता येतं, एवढ्यावरून ते परराज्य नव्हतं असं कोणी मला शिकवू नये.

आमचं गाव नंदुरबारपासून दोन-तीन कोसांवर. काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि मिरची. माझ्या बापाची थोरली बहीण सोनगडकडे राहायची. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. फुवाने तिकडे जमीन घेतली, झुडपं तोडून ती नीट केली आणि शेतातच घर बांधलं. तांदूळ आल्यावर फुईचा निरोप आला, की घर झालंय, नवा तांदूळ आहे, पोरं घेऊन या. लहानपणी फुईने माझ्या बापाला एवढं बदडलेलं होतं, की तिचा शब्द तो सरकारी हुकमासारखा मानायचा. कापूस विकून झाला तसे आम्ही निघालो. आम्ही म्हणजे बाप, माय, मी आणि माझा भाऊ.

बापाला आम्ही बा म्हणायचो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ याच शब्दाने केला.

भाऊ माझ्या कडेवर असायचा. तो तान्हा असताना होता, रांगायला लागला तेव्हा होता आणि चांगला धावायला लागला तरी होताच. माय दिवसभर शेतात. पोराला साप चावेल, विहिरीत पडेल, बैल लाथ मारेल, म्हणून त्याला जमिनीवर सोडायचं नाही असा घरचा कायदा. त्याचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. माझी कंबर डावीकडे वाकडी आहे ती त्यामुळे. डॉक्टर काहीही म्हणोत.

नंदुरबारला जाताना बैलगाडीतच मायने आम्हाला पढवलं.

"तू नऊ वरीसनी. हाऊ दोन वरीसना. कोन्ही इचारं ते हाईच सांगानं."

"मन्हं खरं वय किती शे?" मी विचारलं.

"ज्या साले मोठी म्हैस मरी गयी, त्या साले तू जन्मनी."

म्हैस कधी मेली ते कोणालाच आठवत नव्हतं. बाप म्हणाला अकरा वर्षं झाली, माय म्हणाली बारा झाली. आगगाडीत बाराच्या पुढे पूर्ण तिकीट लागायचं आणि तिनाच्या आतलं पोर फुकट जायचं. मायने वाद घातला नाही, सरळ मला नऊची केलं. भाऊ चार वर्षांचा होता, त्याला दोनाचा केलं. रनाळ्याच्या माहेरची बाई होती ती. तिकडच्या बायका नवऱ्यापुढे गप्प बसत नाहीत, तर रेल्वेपुढे काय बसणार? बापाने खिडकीवर तिकिटं घेतली. दोन पूर्ण, एक अर्धं. अर्धं माझं. भाऊ फुकट.

गाडी सुटल्यावर काळ्या कोटातला तिकीट तपासनीस आला. भाऊ माझ्या मांडीवर बसून उसाचं कांडं दातांनी सोलत होता. तपासनिसाने आधी कांडं पाहिलं, मग भावाचे पाय पाहिले.

"ये कितने साल का?"

"दोन," मी म्हणाले.

"दो साल का बच्चा गन्ना छीलता है?"

मायने डोक्यावरचा पदर नीट केला. "आम्हना घरमा दात लवकर येतस, साहेब."

डब्यातले लोक हसले. तपासनीसही हसला आणि पुढे गेला. बाप खिडकीबाहेर पाहत होता. अशा वेळी तो नेहमी बाहेर पाहायचा.

सोनगडला उतरलो तर जकात नाक्यावरचा माणूस सगळ्यांची गाठोडी दाबून पाहत होता. मायने फुईसाठी आणलेलं मिरचीचं गाठोडं त्याने जोरात दाबलं आणि वर वाकून वास घेतला. नंदुरबारची मिरची ती. त्याला शिंकांवर शिंका लागल्या. हातानेच त्याने आम्हाला जा जा केलं. परराज्यात आम्ही असे शिरलो.

फुवा गाडी घेऊन आला होता. त्याचे बैल आमच्या बैलांपेक्षा बुटके होते. बापाने ते लगेच सांगितलं. पुढे वाटभर तो सांगतच राहिला. इथली माती पिवळी, इथले बांध वाकडे, इथे सगळीकडे सागाची झाडं, मग पिकाला ऊन कुठून मिळणार? फुवा शांत माणूस, तो बिडी ओढत राहिला. फुईचं घर पाहिल्यावर मात्र बाप गप्प झाला. बांबूच्या भिंती, वर शेणमातीचा गिलावा, छपराला नवी कौलं आणि चारी बाजूंनी स्वतःचं शेत. आमच्या गावात घराला घर चिकटलेलं. शेजारणीने काय फोडणी दिली ते आम्हाला न विचारता कळायचं. इथे हाक मारली तर ऐकायला फक्त बगळे.

फुईने तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी वाढली. माय म्हणाली, "पांढरी भाकर ते दुखनाईतले देतस."

"खा गुमान," फुई म्हणाली. "तुन्ही ज्वारीनी भाकर खाईसन कोन एवढं गोरं व्हयनं?"

असं दोघींचं पहिल्या दिवसापासून सुरू होतं. त्यात राग नव्हता. नणंद-भावजय एकमेकींना टोचल्याशिवाय बसल्या तर लोकांना वाटलं असतं की घरात काही तरी झालंय.

फुईला एकच पोर होती, आठेक वर्षांची. बडोद्याच्या राज्यात ठरावीक वयाच्या पोरापोरींनी शाळेत गेलंच पाहिजे असा कायदा होता. नाही पाठवलं तर बापाला दंड. आमच्याकडे मुलीला शाळेत पाठवलं तर लोक हसायचे, तिकडे नाही पाठवलं तर सरकार दंड करायचं. फुईची पोर शाळेत जायची आणि शेतातून आडवाटेने परत यायची. एकटीला करमत नाही, म्हणायची. फुवाने एकदा दंड भरला होता आणि दुसऱ्यांदा भरायची त्याची तयारी नव्हती.

आम्ही गेल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी मास्तर स्वतःच आला. बारीक माणूस, काळी टोपी, बगलेत छत्री. मागे शाळेचा शिपाई. त्यांना पाहिल्याबरोबर फुईची पोर भाताच्या पेंढ्याच्या गंजीवर चढून बसली. माय ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. बाप खळ्यावर फुवाच्या बैलाचा खूर पाहत होता, कारण तो बैल लंगडतो हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. मी भावाला कडेवर घेऊन अंगणात उभी होते.

मास्तरने मला विचारलं, "केटलां वरसनी?"

तिकडची गुजराती मला परकी वाटली नाही. आम्ही 'शे' म्हणायचो, ते 'छे' म्हणायचे. बाकी थोडं कान देऊन ऐकलं की उमजायचं. शिवाय वय विचारल्यावर काय सांगायचं ते मला पाठ होतं.

"नऊ," मी म्हणाले. आणि त्याने विचारायच्या आत भावाकडे बोट करून सांगितलं, "हाऊ दोन."

मास्तरने भावाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. फुई पुढे झाली.

"मास्तर, ही पन शाळामा येई. दोन्ही संगे येतीन. मन्ही पोर मंग पळावू नही."

मास्तर म्हणाला की पाहुण्यांना हा कायदा लागू नाही. पण मुलगी नऊची आहे, आहे तितके दिवस बसायला त्याची ना नाही. फक्त घरातून हो पाहिजे, उगाच कोणी भांडायला येऊ नये. आणि मला म्हणाला, "जा, तारी बाने पूछी आव." तुझ्या बाला विचारून ये.

मी खळ्यावर गेले. बापाने बैलाचा पाय गुडघ्यावर धरला होता आणि तोंडात खिळा होता.

"बा, मी शाळामा जाऊ?"

"हं," बाप म्हणाला.

माझ्या बापाचं 'हं' सगळ्याला असायचं. घराला आग लागली असं सांगितलं असतं तरी तो आधी 'हं' म्हणाला असता आणि मग उठला असता. पण मला विचारून यायला सांगितलं होतं, मी विचारून आले.

"बा व्हय म्हने," मी मास्तरला सांगितलं.

"सरस," मास्तर म्हणाला आणि त्याने माझं नाव घातलं.

गुजरातीत बा म्हणजे आई, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बापाला आमच्याकडे बा म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरगी घरात लागते ती आईला, म्हणून त्याने आईला विचारायला पाठवलं होतं. मी बापाला विचारून आले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

त्या दिवसापासून मी फुईच्या पोरीबरोबर शाळेत जायला लागले. मायला वाटलं, नणंदेच्या पोरीला सोबत म्हणून जाते, चार दिवस जाऊ दे. पहिल्या दिवशी मी भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी गेले, तर मास्तरने बोट खाली केलं. "एने नीचे."

मी भावाला खाली ठेवलं. तो आपल्याच पायांकडे पाहत उभा राहिला. मग त्याने भोकाड पसरलं. मास्तर लक्ष देईना, मीही दिलं नाही. थोड्या वेळाने अंगणात शेळीची दोन करडं आली, तसा तो त्यांच्या मागे पळाला. दुपारी मी बाहेर आले तेव्हा तो चिंचेच्या झाडाखाली मातीत लोळत होता आणि परत यायला तयार नव्हता.

मला शिकायची फार हौस होती असं लिहिलं तर शोभून दिसेल. मला हौस नव्हती. ज्या जागी कडेवरचं ओझं खाली ठेवायला मिळतं, ती जागा मला सापडली होती. पाटी हलकी असते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यात मायला दिवस गेले होते. ज्येष्ठात आणखी एक पोर येणार होतं. भाऊ उतरला की ते माझ्या कडेवर चढणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून मला परत जायचं नव्हतं. एवढंच होतं ते.

पण पाटी हातात आली तशी अक्षरं येत गेली. वर्गात बहुतेक पोरं आसपासच्या पाड्यांवरची होती. त्यांच्या घरची भाषा तिसरीच. मास्तरची भाषा कोणालाच नीट येत नव्हती, त्यामुळे आम्ही सगळे सारखे. मी वयाने मोठी, समज जास्त. पहिल्या आठवड्यात मी शेवटच्या रांगेतून पुढच्या रांगेत आले. फुईची पोरही माझ्याशेजारी बसायला लागली. तिला सोबत हवी होती, ती मिळाली.

परत जायचे दिवस जवळ आले. एका संध्याकाळी माय मिरच्या कांडत होती. मी पाटीवर काय लिहिलंय ते तिला दाखवलं. तिने पाहिलं.

"हाई काय? वर रेघ नही काही नही. बोडकी अक्षरं," ती म्हणाली. नंदुरबारच्या दुकानांवरच्या पाट्या तिने पाहिल्या होत्या. अक्षराच्या डोक्यावर रेघ असते एवढं तिला माहीत होतं. गुजराती अक्षरांना ती नसते.

चुलीपाशी बसलेली फुई म्हणाली, "बोडकी ते बोडकी. तिले आठेच राहू दे, वैनी. नाव घातेलच शे." आमच्या बोलीत आठे म्हणजे इथे.

मुसळ थांबलं. "कोनी घातं?"

"मास्तरनी. तुन्हा नवरा व्हय म्हना."

मायने बापाकडे पाहिलं. तो ओट्यावर फुवाशेजारी बसला होता.

"तुम्ही व्हय म्हनात का?"

"कशाले?"

"शाळाले!"

"माले काय माहीत? मी बैलना खूर पाही ऱ्हायंतू."

फुवाला हसू आलं, पण त्याने बिडी तोंडात धरून ते आवरलं. माय फुईकडे वळली.

"बाई, तुम्ही मन्ही पोर मन्हाकडथून काढी लेवाले आम्हले बलावं का?"

"माले तुन्ही पोर नको," फुई म्हणाली. "मन्ही पोरले जोडी पाहिजे. तिन्हा बाप दंड भरी भरी मरी जाई. मी खरं ते सांगस."

"आनि मन्हं काय? हाऊ पोरगा, आनि वर हाई येनारं. कोन लेई त्यासले कडवर?"

"जमीनवर ठेवानं. जमीन काय खाई जास का?"

"तुम्हनी जमीन नही खात. आम्हनाकडे साप शेतस."

"आठे काय कबुतरं शेतस?"

मी मध्ये बोलले, "मी आठेच ऱ्हास." मायने मुसळ उचललं. मला मारायला नाही, कांडायला. पण तिने ते अशा तऱ्हेने उचललं की मी दोन पावलं मागे सरले. नवऱ्याच्या बहिणीच्या घरात नवऱ्याचा शब्द मोडला असं तिला दिसू द्यायचं नव्हतं, आणि मला मागे तर ठेवायचं नव्हतं. तिने दुसरी वाट काढली. "सकाळे मी सोता शाळामा येस. नाव कोनी घातं ते पाहास."

माय शाळेत पहिल्यांदा गेली ती अशी. डोक्यावर पदर, हातात शेतातली काठी. वर्गाच्या दारात उभी राहून तिने विचारलं, "मन्ही पोरनं नाव कोन्हाले इचारीसन घातं?"

मास्तर उठून उभा राहिला. तो त्याच्या बोलीत बोलला, ती तिच्या. तो म्हणाला, तुम्हालाच विचारून. तुम्ही हो म्हणालात.

"मी? मी कव्हय?"

मास्तरने माझ्याकडे हात केला. ही विचारून आली. हिने सांगितलं, बाने हो म्हटलं.

मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी उभीच राहिले. "मी व्हय म्हनी?"

"तू नही," मी म्हणाले. "बा."

"बा एटले मा!" मास्तर म्हणाला.

"बा म्हंजे बाप!" माय म्हणाली.

मास्तरच्या हातातला खडू खाली पडला. तो हसला तसा सगळा वर्ग हसायला लागला. निम्म्या पोरांना काय झालं तेही कळलं नव्हतं, पण मास्तर हसतो म्हणजे हसायला हरकत नाही. मायने हसायचं नाही असं ठरवलं होतं. तिचे ओठ घट्ट होते.

मास्तरने डोळे पुसले आणि तो नीट बोलला. आता खऱ्या बाला विचारतो, म्हणाला. मुलगी हुशार आहे, आत्याकडे राहिली तर चौथीपर्यंत सहज जाईल. ठेवता का?

"नही," माय म्हणाली. "धाकला पोरगाले कोन सांभाळी?"

"दोन वर्षांचा, तो?" मास्तरने विचारलं.

तेवढ्यात तो आलाच. करडामागे पळत अंगणातून थेट वर्गात. नाकाला माती, हातात अर्धी चिंच. मायला पाहून थांबला.

मास्तरने त्याला विचारलं, "केटलां वरस?"

भावाने मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला पढवलेलं सगळं आठवलं, आणि शिवाय खरंही आठवलं.

"आगगाडीमा दोन," तो म्हणाला. "घरमा चार."

मायने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. माय आवाज न करता हसायची, आणि तेही कधीतरीच. मास्तरने मग माझ्याकडे पाहिलं. "अने तू?"

"आगगाडीमा नऊ," मी म्हणाले. "घरमा कोन्हाले माहीत नही."

वय मास्तरने नऊच राहू दिलं. नावाचं काय ते मात्र मायने सांगितलं नाही. फक्त "पाहू" म्हणाली आणि निघाली.

घरी जाताना ती पुढे; मी, भाऊ आणि फुईची पोर मागे. वाटेत ओढा होता. पाणी घोट्याएवढं. तिथे आल्यावर भावाने सवयीने माझ्याकडे दोन्ही हात वर केले. मी मायकडे पाहिलं. ती पुढे थांबली होती, पण तिचं तोंड दुसरीकडे होतं. मी हात खालीच ठेवले. भावाने थोडा वेळ वाट पाहिली, मग पाण्यात उतरला आणि पलीकडे निघून गेला.

निघायच्या दिवसापर्यंत माझ्या राहण्याचं काही ठरलं नाही. फुई दोनदा विषय काढायला गेली, तर मायने तिला तांदूळ निवडायला बसवलं. बापाला विचारून उपयोग नव्हता, तो 'हं' म्हणाला असता. मायने सगळ्यांचं सामान बांधलं तेव्हा माझी दोन लुगडीही बांधली. कोणत्या गाठोड्यात बांधली ते मला दिसलं नाही. शाळेची पाटी मी फुईच्या घरी फळीवर ठेवली आणि गाडीत बसले. फुई आणि तिची पोर पोचवायला स्टेशनपर्यंत आल्या. फुईची पोर वाटभर माझा हात धरून होती. मला ते आवडलं नाही, हाताला घाम येत होता, पण मी सोडवला नाही.

स्टेशनवर बाप खिडकीपाशी गेला आणि वळून मायला म्हणाला, "किती?"

"दोन पुरा, एक अर्धं," माय म्हणाली.

येतानाचंच ते. दोन पूर्ण, एक अर्धं. अर्धं माझं. म्हणजे संपलं. मी रडले नाही. आमच्या घरात रडून कोणाचं काम कधी झालं नाही. भाऊ फलाटावर खडे वेचत बसला होता. त्याला आता पुन्हा दोन वर्षांचा व्हायचं होतं आणि मला तो उचलायचा होता. मी त्याच्यापाशी गेले, वाकले आणि त्याच्या बगलेत हात घातले.

मायने माझ्या हातावर चापट मारली.

"ठेव त्याले खाले. चार वरीसना घोडा शे." आणि बापाला ओरडून सांगितलं, "अर्धं यानं सांगा! हाऊ चार वरीसना!"

बाप म्हणाला, "हं."

फुईला माझ्या आधी कळलं. तिने मायच्या पायापासचं एक गाठोडं उचललं आणि आपल्या काखोटीला मारलं. त्यात माझी लुगडी होती. मायने तिच्याकडे पाहिलंही नाही, ती भावाचं नाक पुसत होती.

गाडी आली. बाप चढला, भाऊ आपल्या पायांनी चढला, त्याला पायरी उंच होती तरी. माय खिडकीशी बसली. मला वाटलं आता काहीतरी सांगेल.

"फुईनी काळी म्हैस लाथ मारस," ती म्हणाली. "तिन्हा मांगे उभी राहू नको."

गाडी गेली. मी फुईबरोबर परत आले आणि फळीवरची पाटी काढली.

चौथी पास होईपर्यंत मी तिथे राहिले. फुईची पोरही झाली पास, पण माझ्या मागून. रेघेची अक्षरं मी पुढे लग्नानंतर शिकले, तीही नवऱ्याकडून नाही, दुकानांच्या पाट्या वाचून. अजूनही मी आधी सगळी ओळ लिहिते आणि शेवटी वरून एकदम रेघ ओढते.

त्याच वर्षी ज्येष्ठात मायला मुलगी झाली. दिवाळीला मी गेले तेव्हा ती ओट्यावर गोधडीवर पडलेली होती, एकटी, आणि स्वतःचा पाय चोखत होती. जमिनीने तिला खाल्लं नव्हतं. भाऊ तिच्याशेजारी बसून माशा वारत होता. मी तिला पाहिलं, पण उचललं नाही.